कृष्णधवल छपाईसाठी घरच्या घरी करड्या शाया: मिसळण्यापासून पहिल्या प्रिंटपर्यंत

रंगीत इंकजेट प्रिंटरला कृष्णधवल फोटो दिला की तो करडा रंग दोन प्रकारे साधतो. एक तर निळी, किरमिजी आणि पिवळी शाई एकत्र वापरतो, नाहीतर नुसत्या काळ्या शाईचे ठिपके कमीजास्त विरळ मारतो. पहिल्या पद्धतीत तीच प्रिंट खिडकीपाशी एक झाक दाखवते आणि दिव्याखाली दुसरीच. शिवाय तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, त्यामुळे काही वर्षांनी करडा रंग हिरवट किंवा गुलाबी दिसायला लागतो. दुसऱ्या पद्धतीत रंग पक्का राहतो, पण आकाश किंवा गालावरचा उजेड अशा फिक्या भागांत सुटे ठिपके डोळ्याला टोचतात.

तिसरा मार्ग आहे, आणि हा लेख त्याबद्दल आहे. एकच काळी शाई वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून दोन-तीन करड्या छटा तयार करायच्या आणि रंगीत शायांच्या जागी त्या भरायच्या. फिक्या भागात प्रिंटर फिकी शाई भरपूर मारतो, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि छटा गुळगुळीत उतरते. अमेरिकेतल्या जॉन कोन यांनी याच तत्त्वावर पिएझोग्राफी नावाने तयार शायांचे संच आणले. त्यांच्या एका संचात काळ्याच्या सात पायऱ्या होत्या. छायाचित्रकार पॉल रोर्क यांनी तर शाई पातळ करण्याच्या आपल्या कृती सगळ्यांसाठी खुल्या करून टाकल्या. घरी शाई मिसळणारे आज जे काही करतात, त्यात या दोघांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

घरी शाई करण्याचा मुख्य फायदा स्वस्ताई आहे असं मी म्हणणार नाही. खर्च कमी होतो हे खरं, पण खरी कमाई आहे ती ताब्याची: पेल्यात काय आहे, किती आहे, कशाने पातळ केलं आहे, हे तुम्हाला माहीत असतं. हा ताबा तेव्हाच टिकतो, जेव्हा आज केलेली बाटली आणि सहा महिन्यांनी केलेली बाटली एकसारखी असते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत वजन, नोंद आणि तपासणी येत राहील.

काय घरी करायचं आणि काय नाही

काळा रंग घरी तयार करायचा नाही. काजळी वाटून, गाळून प्रिंटरमध्ये घालता येईल असा विचार मनात येतो, पण प्रिंटरच्या नोझलचं, म्हणजे शाईचा थेंब जिथून सुटतो त्या तोंडाचं, छिद्र साधारण २० ते ३० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं आणि शाईतले कार्बनचे कण त्याच्याही कितीतरी पट बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असावे लागतात. तेवढे बारीक कण पाण्यात सुटे ठेवायला कारखान्यातली यंत्रं आणि रसायनं लागतात. चित्रकलेची इंडिया इंकही चालत नाही. तिच्यात बहुधा लाख असते आणि ती वाळली की नोझलमध्ये पक्की बसते.

तेव्हा काळी शाई विकतचीच घ्यायची, इंकजेटसाठी बनवलेली, कार्बनच्या रंगद्रव्याची. डाय (पाण्यात विरघळणारा रंग) प्रकारची नको, कारण डाय उजेडात उडतो. बाजारात रंगद्रव्याची काळी शाई दोन प्रकारची मिळते: मॅट कागदासाठीची आणि चकचकीत कागदासाठीची. दुसऱ्या प्रकारात कणांवर राळेचं आवरण असतं. आपल्याला मॅट काळी हवी. ती चकचकीत कागदावर नीट धरत नाही, बोट फिरवलं की निघते, म्हणून घरच्या शायांनी सुरुवात करणाऱ्याने मॅट कागदच धरावा. सुती लगद्याच्या मॅट कागदावर कार्बनचा काळा रंग जितका खोल दिसतो, तितका पाहिल्यावर चकचकीत कागदाची आठवणही फारशी येत नाही.

घरी करायचा तो पातळ करण्याचा द्रव. त्याला इथे 'बेस' म्हणू.

प्रिंटर

एप्सनचा प्रिंटर घ्यावा, याला दोन कारणं आहेत. त्याचं हेड (नोझल असलेला, शाई फेकणारा भाग) शाई तापवत नाही, पिएझो स्फटिकाच्या (वीज दिली की आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या) धक्क्याने थेंब ढकलतं, त्यामुळे शाईच्या घडणीत थोडा फरक असला तरी चालून जातं. दुसरं म्हणजे क्वाडटोन रिप हे रॉय हॅरिंग्टन यांचं सॉफ्टवेअर, ज्यात प्रत्येक शाई किती आणि कुठे पडावी हे आपण ठरवू शकतो, ते एप्सनच्या प्रिंटरांवर चालतं. काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा: तुमचं मॉडेल त्या सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का, आणि त्या मॉडेलसाठी पुन्हा भरता येणारी, आपोआप रीसेट होणाऱ्या चिपची कार्ट्रिज मिळतात का. दोन्हींपैकी एक नसेल तर तो प्रिंटर सोडून द्या.

शायांचे चार कप्पे असले तरी काम होतं. सहा असतील तर उत्तम. एकदा करड्या शाया भरल्या की हा प्रिंटर कृष्णधवललाच वाहिलेला, हे मनाशी पक्कं करा. दोन्हीकडे अदलाबदल करत राहिलात तर निम्मी शाई हेड धुण्यातच जाईल.

बेस

बेसमध्ये तीनच गोष्टी असतात. डिस्टिल्ड वॉटर, कारण नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यातले क्षार कार्बनच्या कणांना एकत्र आणून गुठळ्या करतात. शुद्ध ग्लिसरीन, कारण ते नोझलच्या तोंडाशी शाई वाळू देत नाही आणि द्रवाला दाटपणा देतं. आणि ओलावा पसरवणारा एखादा द्रव, उदाहरणार्थ फिल्म धुताना शेवटच्या पाण्यात घालतात ते कोडॅकचं फोटो-फ्लो २००. त्याने पृष्ठताण कमी होतो, शाई बारीक वाटांमधून सहज वाहते आणि कागदावर सारखी बसते.

सुरुवातीला १ किलो बेससाठी माझं प्रमाण असं आहे: डिस्टिल्ड वॉटर ७०५ ग्रॅम, ग्लिसरीन २८० ग्रॅम, फोटो-फ्लो १५ ग्रॅम. सगळं वजनाने. ग्लिसरीनचा एक मिलिलिटर सुमारे १.२६ ग्रॅम भरतो, शिवाय ते मापाच्या भांड्याला चिकटून राहतं, त्यामुळे मिलिलिटरने मोजलं की दरवेळी वेगळं माप पडतं.

ग्लिसरीनचं प्रमाण का महत्त्वाचं, ते आकड्यांतून कळतं. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिपॉइज असतो. वजनाने ३० टक्के ग्लिसरीन घातलं की तो अडीच होतो, ४० टक्क्यांना पावणेचारच्या जवळ जातो, आणि ५० टक्क्यांना एकदम ६. घरगुती पिएझो हेडला साधारण २ ते ५ च्या आसपासची शाई मानवते. ग्लिसरीन कमी पडलं तर थेंबाबरोबर बारीक तुषार उडतात आणि शाई लवकर वाळते; जास्त झालं तर कागद तासन्तास ओलसर राहतो. दमट हवेत थोडं कमी, कोरड्या हवेत थोडं जास्त, इतका फरक करायला हरकत नाही. फोटो-फ्लोच्या बाबतीत मात्र हात आखडताच ठेवा: जास्त झालं की फेस होतो आणि ठिपके कागदावर फाकतात.

नुसत्या पाण्याने शाई पातळ का करायची नाही, हा प्रश्न इथे येतोच. मूळ शाईत कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारी रसायनं असतात. नुसतं पाणी ओतलं की दाटपणा जातो, पृष्ठताण वाढतो आणि त्या रसायनांची कणांवरची पकड सैल होते. दोन दिवसांत बाटलीच्या तळाशी काळा थर दिसायला लागतो.

पातळ करणे

चार कप्प्यांसाठी १००, ३०, ९ आणि २.७ टक्के अशी मालिका घ्या. प्रत्येक शाई आधीच्या शाईच्या ३० टक्के, त्यामुळे एकच कृती तीनदा करायची असते:

१. ३० ग्रॅम मूळ काळी शाई + ७० ग्रॅम बेस = ३० टक्के.
२. ३० ग्रॅम ती ३० टक्क्यांची शाई + ७० ग्रॅम बेस = ९ टक्के.
३. ३० ग्रॅम ती ९ टक्क्यांची शाई + ७० ग्रॅम बेस = २.७ टक्के.

सगळ्यात फिकी शाई थेट मूळ शाईतून करण्यापेक्षा मला ही पायऱ्यांची पद्धत बरी वाटते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर २.७ ग्रॅम शाई घेताना अर्ध्या दशांशाची चूक झाली, तरी शाईच्या ताकदीत जवळपास दोन टक्के फरक पडतो. तीच चूक ३० ग्रॅमवर झाली तर फरक नगण्य असतो आणि तीन पायऱ्यांत मिळूनही तो अर्ध्या टक्क्यापर्यंतच जातो. फिक्या शाईतच फोटोचे नाजूक उजेड असतात, तिथे ही अचूकता उपयोगी पडते.

हातमोजे घाला, टेबलावर प्लास्टिक अंथरा; कार्बन कपड्यातून निघत नाही. काट्यावर स्वच्छ कोरडी बाटली ठेवून शून्य करा. आधी शाई घाला, मग बेस हळूहळू ओतत बाटली हलकेच गोल फिरवत राहा. एकदम बेस ओतला तर कणांना धक्का बसतो. शेवटचे दोन-तीन ग्रॅम सुईशिवायच्या सिरिंजने थेंबथेंब सोडा. तरीही हात पुढे गेलाच आणि बेस ७० ऐवजी ७१.४ झाला, तर बाटली टाकून द्यायची गरज नाही: ७१.४ ला ७० ने भागून ३० ने गुणलं की ३०.६ येतात, म्हणजे शाई आणखी ०.६ ग्रॅम घालायची.

बाटली जोरात हलवायची नाही. ती आडवी करून तळहातांमध्ये एक-दोन मिनिटं फिरवा आणि रात्रभर झाकून ठेवा. हवेचा बुडबुडा हेडमध्ये शिरला तर पिएझोचा धक्का तो बुडबुडाच दाबण्यात जिरतो, थेंब बाहेर पडतच नाही. नवख्या माणसाला हे नोझल चोंदल्यासारखं वाटतं आणि तो उगाच धुवत बसतो.

दुसऱ्या दिवशी १ ते ५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून शाई गाळून घ्या. त्याहून बारीक फिल्टर घेऊ नका. तो चोंदतो आणि कार्बनही अडवायला लागतो. लेबलवर टक्केवारी, तारीख, मूळ शाईच्या बाटलीचा बॅच क्रमांक आणि बेसची तारीख लिहा.

थेंबाची परीक्षा

ही परीक्षा मी कधीच टाळत नाही. गाळणीचा कागद किंवा कॉफीचा फिल्टर कपाच्या तोंडावर ताणून ठेवा, म्हणजे खालून काही टेकणार नाही. प्रत्येक शाईचा एकेक थेंब त्यावर सोडा आणि वाळेपर्यंत पाहत राहा. शाई सुस्थितीत असेल तर कण पाण्याबरोबर प्रवास करतात: मध्यापासून कडेपर्यंत सारखी करडी तबकडी तयार होते, कडेला फार तर किंचित गडद रेघ. बिघडलेली शाई लगेच ओळखू येते. मध्यभागी काळा ठपका बसून राहतो आणि त्याभोवती स्वच्छ पाण्याचं कडं पसरतं, म्हणजे कणांच्या गुठळ्या झाल्या आहेत आणि पाणी एकटंच पुढे गेलं आहे. अशी शाई गाळूनही वापरू नका.

दोन वेगळ्या उत्पादकांच्या शाया एकत्र करायच्या असतील, तर दोन्हींचे ५ ग्रॅम छोट्या काचेच्या बाटलीत मिसळून आठवडाभर ठेवा आणि मगच ही परीक्षा घ्या. काही शाया मिसळल्या मिसळल्या दह्यासारख्या फुटतात, काहींना चार दिवस लागतात.

भरणे आणि हेड धुणे

आधी कार्ट्रिजमध्ये साफ करण्याचा द्रव भरून प्रिंटरचं 'हेड क्लीनिंग' दोनदा चालवा, म्हणजे जुनी रंगीत शाई निघून जाईल. मग करड्या शाया भरा. बोथट सुई वापरा, हवेच्या छिद्राचं बूच काढायला विसरू नका, आणि कोणत्या कप्प्यात कोणती शाई आहे ते प्रिंटरच्या झाकणावर चिकटवून ठेवा: काळ्यात १००, निळ्यात ३०, किरमिजीत ९, पिवळ्यात २.७.

नोझल चेकच्या पानावर २.७ टक्क्यांच्या रेघा जवळपास दिसतच नाहीत. पान तिरप्या उजेडात धरा किंवा स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवा. कार्ट्रिज बदलल्यावर पहिली तीन-चार पानं शुद्ध समजू नका, नळ्यांमध्ये रंगीत अंश राहिलेला असतो. फिक्या शाईच्या पट्टीत रंगाची झाक संपली की मगच पुढे जा.

प्रिंटरला नव्या शाया शिकवणे

इथे घाई केली तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. क्वाडटोन रिपमध्ये कॅलिब्रेशनचा मोड आहे. त्यात प्रत्येक शाईची स्वतंत्र पट्टी ० ते १०० टक्क्यांपर्यंत छापता येते. ज्या कागदावर अखेरची प्रिंट काढणार, त्याच कागदावर ती छापा आणि निदान काही तास, शक्यतो रात्रभर वाळू द्या. ओल्या आणि वाळलेल्या कार्बनचा गडदपणा वेगळा असतो.

पहिलं काम, शाईची मर्यादा. काळी पट्टी बघा. एका टप्प्यानंतर शाई वाढली तरी काळेपणा वाढत नाही; पुढे तर कागद भिजून पट्टी उलट फिकी किंवा ठिपकेदार दिसते. जिथे वाढ थांबली, तीच मर्यादा.

दुसरं, शायांची एकमेकांशी तुलना. जाड पांढऱ्या कार्डाला दोन छोटी भोकं पाडा. एक भोक ३० टक्क्यांच्या शाईच्या सर्वात गडद घरावर ठेवा आणि दुसऱ्याखालून काळ्या शाईची पट्टी सरकवत राहा. भोकांतून दिसणाऱ्या दोन्ही छटा एक झाल्या की काळ्या पट्टीवरचा आकडा वाचा. तो ३० च येईल असं नाही, कारण कागद किती शोषतो त्यावर ते ठरतं. आला तो आकडा त्या शाईची खरी ताकद म्हणून प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या कागदावर कोणती शाई किती पडावी याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदीत, लिहा. ९ आणि २.७ टक्क्यांच्या शायांचंही असंच करा. महागड्या उपकरणाशिवाय डोळ्याने केलेली ही जुळणी चकित करण्याइतकी अचूक असते, कारण दोन लगतच्या छटांतला फरक ओळखण्यात आपला डोळा फार तरबेज आहे.

तिसरं, सरळ रेषा. तयार झालेल्या प्रोफाइलने २१ घरांची पट्टी छापा, ०, ५, १० असं करत १०० पर्यंत. प्रत्येक घराचं एल-स्टार मूल्य (छटेचा उजळपणा: ० म्हणजे काळं, १०० म्हणजे पांढरं) मोजा. स्पेक्ट्रोफोटोमीटर (छटा मोजणारं उपकरण) असेल तर उत्तम. नसेल तर फ्लॅटबेड स्कॅनर चालतो, मात्र त्याच्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद करा आणि मूल्यं माहीत असलेली एक प्रमाणित करडी पट्टी शेजारी ठेवूनच स्कॅन करा. समजा कागद ९६ आणि सर्वात काळं घर १७ आलं. मधे ७९ चा फरक आणि २० पायऱ्या, म्हणजे दर घराला सुमारे ४ ने उतरायला हवं आणि मधलं, ५० टक्क्यांचं घर ५६.५ च्या आसपास यायला हवं. तिथे ५० आलं तर मधल्या छटा गडद पडताहेत. ही २१ मूल्यं प्रोफाइलमध्ये भरली की सॉफ्टवेअर छटांच्या उतरणीचा वक्र सरळ करून देतं. पुन्हा छापा, पुन्हा मोजा. दुसऱ्या फेरीत बहुतेक काम होतं. चांगल्या मॅट कागदावर कार्बनने १७ च्या आसपासचा काळा मिळत असेल तर समाधान माना.

झाक

कार्बन पातळ केला की तो तपकिरीकडे झुकतो. कण जितके बारीक, तितकी पातळ छटा ऊबदार. मला स्वतःला व्यक्तिचित्रांसाठी हीच ऊब हवी असते आणि कार्बनइतकं टिकाऊ दुसरं काही नाही, त्यामुळे चार कप्प्यांच्या प्रिंटरवर मी झाक बदलायच्या फंदात पडत नाही.

सहा कप्पे असतील तर एकात 'टोनर', म्हणजे ही तपकिरी झाक कमी करणारी शाई, ठेवता येतो. निळी आणि किरमिजी रंगद्रव्याची शाई मिसळून बेसने साधारण ५ टक्क्यांपर्यंत पातळ करा. कार्बनच्या शायांमध्ये ती घालू नका. स्वतंत्र कप्प्यात ठेवली तर प्रत्येक कागदासाठी तिचं प्रमाण प्रोफाइलमधून बदलता येतं. निळ्यातलं फ्थॅलोसायनिन चांगलं टिकतं, किरमिजीतलं क्विनाक्रिडोन त्यामानाने कमी. म्हणून तटस्थ करड्याला पुरेल तितकाच टोनर वापरा.

कागदाकडेही लक्ष द्या. झगझगीत पांढऱ्या कागदात प्रकाशवर्धक रसायनं असतात. त्यांच्या निळसरपणामुळे कार्बन आज तटस्थ दिसतो, पण ती रसायनं कालांतराने निकामी होतात आणि कागद पिवळसर पडतो. जपायच्या प्रिंटसाठी अशी रसायनं नसलेला कागद घ्या.

निगा

रंगद्रव्य खाली बसतंच, फिक्या शायांमध्ये लवकर. दर दोन-तीन आठवड्यांनी कार्ट्रिज काढून हलकेच चार-पाच वेळा उलटसुलट करा. आठवड्यातून एकदा प्रत्येक शाईची पट्टी असलेलं एक छोटं पान छापा. बेसमध्ये बुरशीनाशक नाही आणि मूळ शाईतलं पातळ होऊन गेलेलं असतं, तेव्हा एका वेळी तीन-चार महिने पुरेल इतकाच साठा करा. बाटलीत वास, तंतू किंवा बुळबुळीत थर दिसला की ती बाटली बाद.

नवीन बॅच केली की जुन्या शाईचे १० मिलिलिटर राखून ठेवा आणि गाळणीच्या कागदावर दोन्हींचे थेंब शेजारी-शेजारी सोडा. तबकड्या सारख्या दिसल्या तर कार्ट्रिज भरा आणि २१ घरांची पट्टी पुन्हा मोजा. कोणत्याही घरात २ पेक्षा जास्त फरक आला तर आधी काटा तपासा, मग मूळ शाईच्या बाटलीचा बॅच क्रमांक बदलला आहे का ते बघा. दोन्ही ठीक असतील तर नव्या आकड्यांनी वक्र पुन्हा सरळ करून घ्या आणि प्रोफाइलच्या नावातच बॅचची तारीख घाला.